मदत हवी आहे: डेव्हिल्स लेकला सासू-सासऱ्यांसह तंबूत दोन रात्री

नेपरव्हिलकर
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेकला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलं ७ आणि ३ वर्षांची, शिवाय पुण्याहून आलेले सासू-सासरे. दोघंही सत्तरीचे, सासूबाईंचे गुडघे दुखरे. 'सहा माणसांचा' तंबू आहे, दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी आहे. परसातलं वाळलेलं ॲशचं झाड तोडलंय, त्याची लाकडं शेकोटीला नेणार आहे. तळ्याला अगदी लागून साइट कुठली मिळेल? रात्री थंडी किती असते?

रानवाट
आधी ती लाकडं घरीच ठेवा. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात जळण पार्कापासून दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित शिक्क्याचंच चालतं. त्यात ॲश तर नकोच. एमराल्ड ॲश बोरर या किड्याच्या अळ्या सालीखाली असतात, वरून ओंडका ठणठणीत दिसतो. हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि पुढे दूरदूर पोचला तो बऱ्याच अंशी लोकांनी गाडीत घालून नेलेल्या जळणाबरोबर. तिकडेच गठ्ठे विकत घ्या, एका संध्याकाळला दोन पुरतात.

तळ्याला लागून साइट तिथे नाहीच. क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज ही तिन्ही कॅम्पग्राउंड पाण्यापासून आत आहेत, तंबूतून तळं दिसत नाही. क्वार्टझाइट बरंचसं उघडं, सावली कमी. आइस एज झाडीत, पण तिथे वीज नाही. तुमच्या बाबतीत निकष एकच धरा: संडास किती लांब आहे. रात्री दोन वाजता सासूबाईंना टॉर्च घेऊन किती चालावं लागेल, वाटेत चढ आहे का, ते नकाशावर बघा. अगदी शेजारचीही घेऊ नका, रात्रभर दार आपटतं आणि दिव्याचा उजेड तोंडावर येतो.

आरक्षण ११ महिने आधी उघडतं, त्यामुळे शनिवार-रविवार कधीच गेलेले असणार. रविवार ते मंगळवार करा, आणि रद्द झालेल्या जागांवर रोज सकाळी नजर ठेवा. गाडीचा प्रवेश-स्टिकर साइटच्या भाड्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. हे राज्यातलं सगळ्यात गजबजलेलं पार्क आहे, पूर्व काठाने रेल्वेही जाते. शांतताच हवी असेल तर जवळच्या मिरर लेकचा विचार करा. तिथे बोटी अगदी हळू चालवायचा नियम आहे.

वळवाचा_पाऊस
तंबूवर लिहिलेला आकडा माणसं खेटून झोपवली तर खरा. गाद्या घातल्या की सहाच्या तंबूत चार. सासू-सासऱ्यांना वेगळा, उभं राहता येईल असा तंबू घ्या आणि त्यात कॉट टाका. जमिनीवरून उठणं हीच गुडघ्यांची खरी परीक्षा असते.

दिवसा २६-२७ सेल्सिअस असलं तरी पहाटे १२-१३ पर्यंत उतरू शकतं. हवेच्या गादीत आतली हवा गार होते आणि पाठ खालून थंड पडते. म्हणून गोधडी पांघरायला एक आणि अंगाखाली एक. कॉटवर तर खालची हवीच, कारण कापडाखालून वारा खेळतो.

खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच आत दुमडा. बाहेर राहिली तर पाऊस तिच्यावर साचतो आणि सरळ तंबूखाली जातो. 'तंबू गळतो' या तक्रारी पुष्कळदा एवढ्यावरच मिटतात. सोबत येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा कडक जमिनीत वाकतात, जाड पोलादी मेखा आणि रबरी हातोडा न्या. वरच्या जाळ्या पावसातही थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते.

वादळाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जूनमध्ये संध्याकाळची वादळं इकडे नेहमीची. गडगडाट ऐकू आला की सगळे गाडीत, तंबू विजेपासून वाचवत नाही. टोर्नेडोचा इशारा असेल तर गाडीही नको, पक्क्या इमारतीत जा. इशारे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) नावाने येतात, म्हणून आपण सॉक काउंटीत आहोत हे सगळ्यांना पाठ असू द्या. फोनला रेंज नसेल तर बॅटरीवरचा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे ऐकवणारा) कामाला येतो. तंबू लावायच्या आधी वर बघा: वाळकी फांदी लटकत असेल तर जागा बदला.

खमंग_फोडणी
एक पौंडाचा प्रोपेन सिलिंडर दोन्ही बर्नर पूर्ण सोडले तर जेमतेम तासभर चालतो. सहा जणांना, चहासकट, तीन घ्या. पाच लिटरचा कुकर बसतो, पण शेजारी छोटंच पातेलं मावतं. वाऱ्याने ज्योत फडफडली की निम्मा गॅस वाया, म्हणून शेगडीची पाठ वाऱ्याकडे. आणि कितीही पाऊस आला तरी तंबूत पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याचा वास येत नाही.

कांदे-मिरच्या घरीच चिरून न्या. कूलर दोन: एक पाण्या-सरबताचा, सतत उघडला जाणारा, दुसरा दूध-भाजीचा, बंद राहणारा. रॅकून कूलरचं झाकण आरामात उघडतात. रात्री सगळं गाडीत, मुलांच्या खिशातली बिस्किटंसुद्धा. भांडी तळ्यात धुवायची नाहीत. साबण 'जैविक' असला तरी नाही.

नेपरव्हिलकर
सगळ्यांचे आभार, लाकडं रद्द! गोचिडीची भीती वाटते. आणि सासूबाईंना फिरायला कुठे नेऊ?

रानवाट
जूनमधली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, दिसत नाही. ०.५ टक्के परमेथ्रिन (कपड्यांवर फवारायचं कीटकनाशक) बूट आणि पँटींवर आदल्या दिवशी घराबाहेर फवारून वाळवा. ते त्वचेला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असेपर्यंत लांब ठेवा. अंगाला २०-३० टक्के डीट (किडे-डास दूर ठेवणारं औषध), सनस्क्रीन लावून झाल्यावर. डीटने चष्म्याच्या प्लॅस्टिक फ्रेमा खराब होतात. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कानांमागे, केसांच्या मुळाशी तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, पेटती काडी, नेलपॉलिश काही नको. चोवीस तासांच्या आत निघाली तर लाइम रोगाचा (गोचिडीतून होणाऱ्या संसर्गाचा) धोका कमी असतो.

सासूबाईंसाठी पश्चिम काठाचा टम्बल्ड रॉक्स ट्रेल, बराचसा सपाट, जाऊन-येऊन साधारण दोन मैल. बॅलन्स्ड रॉक ट्रेलच्या दगडी पायऱ्या नको. मुलं पाण्यातून आली की लगेच टॉवेलने खसखसून पुसा, उथळ पाण्यातल्या परजीवींमुळे अंगाला खाज सुटते. काठावर जीवरक्षक नसतात, तेव्हा धाकट्याला वाळूत खेळतानाही लाइफ जॅकेट घालून ठेवा.