मंजुरी की अनुसमर्थन? दुरुस्ती की संशोधन?

प्रश्न : अमेरिकेच्या राज्यघटनेवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. कच्चा खर्डा असा : '१७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात घटना मंजूर झाली आणि जून १७८८मध्ये नवव्या राज्याने होकार दिल्यावर ती मंजूर झाली.' एकच घटना दोनदा कशी मंजूर होईल? कोशात 'अनुसमर्थन' आहे, पण तो शब्द फारच सरकारी वाटतो. आणि पुढच्या बदलांना 'संशोधन' म्हणू की 'दुरुस्ती'?

उत्तर : ताई, 'अनुसमर्थन' टाळू नका. मंजुरी वरचा खालच्याला देतो. रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते. इथे तसे नाते नव्हते. 'अनु' म्हणजे मागाहून. दुसऱ्यांनी आखलेला मसुदा आपल्यालाही बांधील राहील, असे प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे सांगायचे होते. नऊ राज्यांचा होकार पुरेसा होता, पण घटना लागू होणार होती ती होकार देणाऱ्या राज्यांपुरतीच. ऱ्होड आयलंड तर १७९०मध्ये आले. 'मंजूर झाली' म्हटले की हे सगळे पुसले जाते. 'अधिवेशनाने मसुदा संमत केला, राज्यांनी त्याचे अनुसमर्थन केले' असे लिहा.

आपल्या उद्देशिकेत हा शब्द नाही, हेही पाहण्यासारखे आहे. तिथे 'अंगीकृत आणि अधिनियमित करून' म्हटले आहे, कारण संविधानसभेनेच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले. ते राज्यांकडे होकारासाठी गेले नाही. राज्यांच्या अनुसमर्थनाची अट येते ती कलम ३६८मध्ये. तीही प्रत्येक बदलाला नाही. राष्ट्रपतींची निवडणूक किंवा संसदेतले राज्यांचे प्रतिनिधित्व अशा ठरावीक विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचा होकार लागतो.

'संशोधन' मात्र कृपा करून नको. हिंदीत ते बरोबर आहे. मराठीत 'घटनेचे संशोधन' म्हटले की कुणीतरी प्रबंध लिहीत बसल्याचे चित्र उभे राहते. बातम्यांत 'संशोधन विधेयक' वाचले की मला फार वाईट वाटते, आपल्याकडे नेमका शब्द असताना.

प्रश्न : पण 'दुरुस्ती' म्हटले की आधी काहीतरी मोडले होते असे वाटते. 'सुधारणा' बरे नाही का?

उत्तर : आपल्या संविधानाच्या मराठी पाठात 'सुधारणा' आहे, त्यामुळे चूक म्हणणार नाही. अडचण अशी की 'सुधारणा' बदलाला आधीच चांगले ठरवते. अमेरिकेने अठराव्या बदलाने दारूबंदी आणली आणि १९३३मध्ये एकविसाव्याने ती उठवली. दोन्ही सुधारणाच म्हणायच्या? 'दुरुस्त' मुळात फारसी, अर्थ 'ठीक, योग्य'. 'तब्येत दुरुस्त आहे' म्हणताना कुणाला मोडतोड आठवत नाही. तुमच्या लेखात मी 'घटनादुरुस्ती'च ठेवीन.