मदत हवी आहे: जुन्या कॅनोनेटला कुठला सेल घालू?

मंडळी, काकांचा कॅननचा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री हा जुना फिल्म कॅमेरा माझ्याकडे आलाय. शटर टणाटण चालतंय, लेन्सला बुरशी नाही (ठाण्याच्या पावसाळ्यात हेही नशीबच). अडलंय ते प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या सेलपाशी.

मूळ सेल पीएक्स ६२५, पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा. पाऱ्यामुळे तो आता बनतच नाही. नौपाड्यातल्या दुकानदाराने "सगळे सारखेच" म्हणत एलआर ४४ पुढे केला. सारखे कसे? तो अल्कलाइन, १.५ व्होल्टचा आणि वापरता वापरता व्होल्टेज उतरत जाणारा. शिवाय खाचेत सैल बसतो. एसआर ४४ सिल्व्हर ऑक्साइडचा, शेवटपर्यंत स्थिर राहतो, पण १.५५ व्होल्ट. म्हणजे मीटरला प्रकाश जास्त वाटणार आणि फोटो अंडर, म्हणजे काळपट येणार. कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्मची प्रकाश-संवेदनशीलता) कमी लावून थोडं सावरता येतं, पण चूक सगळ्या प्रकाशात सारखी नसते म्हणे.

श्रवणयंत्राचा ६७५ झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा, मला तोच पटतोय. मात्र स्टिकर काढून हवा आत शिरली की काही आठवड्यांत संपतो. आपल्या दमट हवेत कुणी वापरलाय का? किती टिकला?

दुसरं, एसआर ४४ सोबत शॉटकी डायोड बसवून व्होल्टेज उतरवून देणारा भरवशाचा कारागीर ठाणे-नवी मुंबईत आहे का? किंवा ६२५ च्या खाचेत छोटा सेल घट्ट बसवणारी तयार रिंग कुठे मिळेल?

"मोबाइलवरचं मीटर वापर" हा सल्ला आधीच मिळालाय. मला या कॅमेऱ्याचा ऑटो मोडच वापरायचा आहे.