उद्दिष्ट लहान, पण मोजता येईल असे
बैठे काम करणाऱ्यांचा रोज तासभर व्यायाम करण्याचा संकल्प आठवडाभरातच मोडतो, हा अनेकांचा अनुभव माझाही आहे. मात्र त्यात दोष इच्छाशक्तीपेक्षा उद्दिष्टाच्या आकाराचा असावा, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली असून ती सलगच व्हावी, अशी अट त्यात नाही. म्हणून मी प्रत्येक फोन चालत घ्यायचा एवढेच ठरवले आणि पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवली, म्हणजे ती भरण्यासाठी जागेवरून उठावेच लागते. स्क्रीनवर काम करताना डोळ्यांना विसावा मिळावा म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नियम सोपा आहे खरा, पण गजर लावल्याशिवाय तो मला अजूनही पाळता येत नाही.