इंग्लंडच्या खेड्यातली कल्पनेतली रेल्वे लाईन मॉडेलमध्ये बांधायचीय, प्लॅनिंगला मदत हवी (जुळे सोलापूर, १० बाय २ फूट)

विंडोसीट:
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मागची खोली मोकळी झालीय आणि एका भिंतीला लागून १० फूट बाय २ फूट टेबल करायला घरच्यांनी हो म्हटलंय. त्यावर मला मॉडेल रेल्वे करायचीय, पण आपल्याकडची नाही, इंग्लंडमधल्या खेड्यातली छोटी ब्रँच लाईन, आणि ती पण प्रत्यक्षात कधीच नसलेली. डेव्हनच्या बाजूचं एक गाव मनात धरलंय, नाव एल्मकूम, काळ साधारण १९३० नंतरचा, ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची हिरवी टँक इंजिनं (पाणी नि कोळसा इंजिनावरच, मागं वेगळा टेंडर नाही), एक फलाट, एक मालधक्का, दुधाचे कॅन ठेवलेले, आणि दिवसात चारपाच गाड्या, बास. मला एक्सप्रेस नकोत, मोठं जंक्शन नको. हे सगळं एवढं शांत असतंय ना त्या जुन्या फोटोंमध्ये की बघतच बसावं वाटतं.

आता प्रश्न. एक, मॉडेलचं माप ओओ घ्यावं का एन? दोन, गाडी गोल फिरती पाहिजे असं पोरांचं म्हणणं आहे, माझंही थोडं तसंच आहे, तर २ फुटात ते बसेल का? तीन, आणि हा खरा प्रश्न, लाईन कल्पनेतली असली तर मनाला येईल तसं केलं तर चालतं का, का त्यालाही काही नियम असतात? कारण काही जणांची कल्पनेतली स्टेशनं बघितली की अगदी खरी वाटतात आणि काहींची दुकानातल्या खेळण्यासारखी, आणि फरक नेमका कशानं पडतो ते मला पकडता येईना. आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सगळं टिकणार का तेही सांगा.

माडीवरचा_सुतार:
स्वागत आहे ओ. आधी मापाचं बोलू.

ओओ म्हणजे ४ मिमीला १ फूट, १:७६.२, रूळ १६.५ मिमी. ब्रिटिश इंजिनं, डबे, इमारती सगळ्यात जास्त याच मापात मिळतात, त्यामुळं ग्रेट वेस्टर्न म्हटलं की ओओच सोपं. पण ओओची वळणं बघा. सेकंड रेडियस म्हणजे ४३८ मिमी त्रिज्या, आणि आजकालची बरीच इंजिनं यापेक्षा आवळ वळण नको म्हणतात. अर्धा गोल फिरवायचा तर नुसत्या रुळांनाच ८७६ मिमी रुंदी लागली, कडेला मोकळी जागा धरली तर ३ फुटाच्या वर गेलात. तुमचं टेबल २ फूट म्हणजे ६१० मिमी. ओओमध्ये गोल विसरा.

ब्रिटिश एन म्हणजे १:१४८, रूळ ९ मिमी, त्यात गोल आरामात बसतो, पण दुधाचे कॅन हातात धरून बघायचे आणि फलाटावर मांडायचे असतील तर एनमध्ये डोळे दुखतात, माझं स्पष्ट मत आहे.

मग ओओमध्ये करायचं काय, तर टर्मिनस. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला भिंतीच्या किंवा पुलाच्या मागं लपलेली तीनचार सायडिंग, गाड्या तिथून 'जगातून' येतात आणि तिथंच परत जातात. दोन डबे आणि टँक इंजिन मिळून ६०० मिमीच्या आसपास लांबी होते, म्हणजे १० फुटात फलाट, रनराऊंड लूप (इंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा बाजूचा रूळ), मालधक्का आणि एक कोळशाची सायडिंग बसून मध्ये शेतं दाखवायला पण जागा उरते. आणि तुमच्या काळाला एक गंमतच आहे, १९३२ पासून ग्रेट वेस्टर्नकडं ०-४-२ ची (पुढं छोटी चाकं नाहीत, मध्ये चार मोठी, मागं दोन छोटी) टँक इंजिनं आली, पुढं १९४६ ला नंबर बदलून १४०० झाले, ती ऑटोकोच लावून चालायची. डब्याच्या टोकाला ड्रायव्हरची केबिन, परत येताना इंजिन मागून ढकलतंय आणि ड्रायव्हर पुढं डब्यात. इंजिन पुढून मागं आणायची भानगडच नाही. एक इंजिन एक डबा, खेड्यातली लाईन तयार.

फक्त सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) घेताना लाईव्ह फ्रॉगचे घ्या, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा धातूचा आणि करंट असलेला. असल्या छोट्या इंजिनाला करंट घ्यायला चाकं थोडी, प्लास्टिकच्या फ्रॉगवर हळू चालवलं की जागेवर थांबतं, आणि खेड्यातली गाडी हळूच चालली पाहिजे.

नॅरोगेज_बार्शी:
विंडोसीट, तुमचा तिसरा प्रश्न वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

फरक पैशानं पडत नाही आणि रंगानंही पडत नाही. ही लाईन कुणी, कशासाठी बांधली याचं उत्तर बांधणाऱ्याकडं असलं की ती खरी वाटते. रेल्वे कुणी हौसेनं बांधत नव्हतं. रुळाचा पहिला तुकडा घ्यायच्या आधी वही घ्या आणि लिहा की एल्मकूमला काय पिकतं, ते कुठं जातं, गावात बाहेरून काय येतं, पैसे कुणी घातले, आणि लाईन याच गावात का थांबली, पुढं का नाही गेली. पुढं डोंगर होता का, का पैसे संपले? कोळसा प्रत्येक गावात यायचाच, घरं त्याच्यावरच तापायची, म्हणून कोळशाची सायडिंग पाहिजेच. डेव्हनला दूध आणि गुरं, मग गुरं चढवायचा धक्का पाहिजे, आणि तो फलाटाच्या शेजारी सुंदर दिसतो म्हणून तिथं नाही तर गुरांना रस्त्यावरून थेट आत आणता येईल अशा ठिकाणी पाहिजे. एवढं ठरलं की ट्रॅक प्लॅन आपोआप कागदावर उतरतो, तुम्हाला शोभेचं काही सुचवावं लागत नाही. काय नाही ते पण ठरतं. सिग्नल बघा, ग्रेट वेस्टर्नच्या सिग्नलचा हात 'लाईन मोकळी' म्हणताना खाली झुकतो, बाकीच्या मोठ्या कंपन्या त्या काळात वर उचलणारे हात लावायला लागल्या होत्या. वर जाणारा हात लावला की जाणकार माणूस लांबूनच सांगेल की ही ग्रेट वेस्टर्न नाही.

आता दुसरं, आणि हे मी बार्शीचा म्हणून सांगतोय. तुम्ही सोलापूर जिल्ह्यात बसून इंग्लंडमधली खेड्यातली लाईन करताय आणि एव्हरार्ड कॅल्थ्रॉपचं नाव धाग्यात नाही हे बरोबर नाही ओ. आपली बार्शी लाईट रेल्वे त्यानं उभी केली. अडीच फुटी गेज, १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्याचं म्हणणं असं की कुठल्याच आसावर ५ टनापेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि जिथं मोठी रेल्वे परवडत नाही तिथंही रेल्वे जाते. बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची, आणि गाड्या जहाजात चढायच्या आधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या.

आणि मग हाच माणूस इंग्लंडात जाऊन तेच करतो. इंग्लंडात १८९६ चा लाईट रेल्वे कायदा आलेला होता, खेड्यांसाठी स्वस्तात लाईन बांधता यावी म्हणून. त्याच्याखाली स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे झाली, १९०४ ला सुरू, इंजिनियर कॅल्थ्रॉप, गेज पुन्हा अडीच फूट, वॉटरहाउसेस ते हुल्म एंड सव्वाआठ मैल. दोनच इंजिनं, २-६-४ टँक, परत किट्सनचीच, त्यातल्या एकाचं नावच 'ई. आर. कॅल्थ्रॉप'. डबे बार्शीच्या धाटणीचे, पिवळसर रंगाचे, इंजिनाला केवढा तरी मोठा हेडलाईट, तिथल्या लोकांना ती गाडी परदेशातून आल्यासारखी दिसत असणार. दरी चुनखडीची, उन्हाळ्यात तिथली नदी काही ठिकाणी जमिनीखाली गडप होते. मुख्य धंदा दुधाचा. दूध रस्त्यानं जायला लागलं आणि १९३४ ला लाईन बंद, आता त्यावरून लोक चालत आणि सायकलवरून जातात.

म्हणजे इंग्लंडातली एक खेड्यातली रेल्वे बार्शीच्या अनुभवावर बांधलेली आहे. एवढं जवळचं सोडून डेव्हनला कशाला जाताय?

हातमाग:
वरचं वाचून अंगावर काटा आला. आजोळ कुर्डुवाडीचं, आई लहानपणी छोट्या गाडीनं पंढरपूरला जायची.

मी फक्त सीनरीचं सांगते, माझं काम तेच आहे. बाहेरून महागाचं सामान लगेच मागवू नका, सोलापुरात अर्धं मिळतंय. गवतासाठी टेरी टॉवेलचा जुना तुकडा घ्या, हिरव्या रंगात बुडवून वाळवा, पातळ फेविकॉलवर दाबून बसवा आणि वाळल्यावर ब्रशनं उभं करून वरून कात्रीनं कमीजास्त कापा, उंच कुरणाचं गवत झक्कास होतं. रंग मात्र जपून. इंग्लंडचं गवत ओलं हिरवं असतं, आपल्या डोळ्याला माळाची सवय म्हणून हात नकळत पिवळ्याकडं जातो. झाडांना ज्वारीची मळून झालेली कणसं, त्याचे तुरे सुटे करायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि वॉर्निश मारायचं म्हणजे कीड लागत नाही. १९३० च्या काळात बांधावर उंच एल्मची झाडं पाहिजेतच, तिकडचे एल्म रोगानं गेले ते नंतर, १९७० च्या आसपास.

माती. डेव्हनची बरीचशी माती लाल आहे, तिथं गेरूची पूड चालेल. मॅनिफोल्डकडं गेलात तर बांधाला झुडपं कमी आणि चुनखडीच्या दगडांच्या, मसाला न भरता रचलेल्या भिंती जास्त, करड्या पांढऱ्या. त्या मी पुठ्ठ्यावर पीओपी ओतून ओलं असताना टोचणीनं दगड कोरून करते, वेळ लागतो पण असं काम हातातून सोडवत नाही.

खडी म्हणून नदीची वाळू वापरणार असाल तर रव्याच्या चाळणीतून चाळा, आणि मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यात नीट फिरवा. आपल्या वाळूत काळे लोखंडी कण भरपूर असतात, ते इंजिनाच्या मोटरला चिकटले की मोटर गेली. हे अजिबात विसरू नका.

सात_रस्ता:
सगळं छान आहे पण मग सरळ बार्शी लाईटच करा की. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, इंग्लंडचं कशाला?

विंडोसीट:
सात_रस्ता, बरोबर आहे तुमचं, आणि बार्शी लाईट कुणीतरी केलीच पाहिजे, त्या कामाला मी पण हातभार लावेन. पण ती खरी लाईन आहे. कुर्डुवाडी बघितलेली माणसं अजून आहेत, ती उभी राहून म्हणतील इथं हे नव्हतं, आणि ते म्हणणं रास्त असेल, तेवढा अभ्यास झाल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. मला पावसात भिजलेली, दगडी भिंतींची, आपल्यापेक्षा पार वेगळी जागा घरात आणायचीय.

पण नॅरोगेज_बार्शी, तुमच्यामुळं रात्रभर झोप नाही. मॅनिफोल्डच्या शेजारची, नसलेली एक दरी. लाईट रेल्वे कायद्याखाली कॅल्थ्रॉपनंच बांधलेली अजून एक लाईन. दूध आहे, चुनखडीची खाण आहे, पुढं डोंगर आडवा आला म्हणून गावातच संपली. एल्मकूम हे नाव तिकडं शोभणार नाही, ते बदलतो. पण अडीच फुटी गेज ओओच्या मापात कसं दाखवायचं?

नॅरोगेज_बार्शी:
ओओ-९ घ्या. माप तेच ४ मिमीला फूट, माणसं, घरं, दुधाचे कॅन सगळे ओओचे, फक्त रूळ ९ मिमी. काटेकोर बघितलं तर तो सव्वादोन फूट होतो, अडीचला १० मिमी पाहिजे, पण चालतं, ओओ स्वतःच तसं आहे, पूर्ण गेजला १८.८३ मिमी पाहिजे तिथं आपण १६.५ वर चालवतो.

आणि एक गोष्ट जरूर करा, ट्रान्सपोर्टर वॅगन. मॅनिफोल्डवर कॅल्थ्रॉपनं बुटक्या नॅरोगेज वॅगनवर मोठ्या गेजची अख्खी वॅगन चढवून न्यायची सोय केली होती, माल परत उतरवायचा चढवायचा त्रास वाचला. तुमच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मोठ्या लाईनचा एक फूटभर ओओ रूळ आणा, तिथं वॅगन छोट्या गाडीवर चढताना दिसली की बघणाऱ्याला ही लाईन कशासाठी आहे ते न सांगता कळेल.

माडीवरचा_सुतार:
आणि आता पोरांचा गोल पण बसतोय बघा! ९ मिमी रुळाला ९ इंची त्रिज्येची वळणं मिळतात, २२८ मिमी, म्हणजे अर्धा गोल ४५६ मिमीत झाला, २ फुटात कडेला जागा सोडून. मागची बाजू डोंगराखाली न्या, पुढून दरी दिसू दे. फक्त एवढ्या आवळ वळणावर २-६-४ सारखं लांब इंजिन अडेल, चारसहा चाकांची छोटी टँक इंजिनं ठेवा.

वेग पण लक्षात ठेवा, लाईट रेल्वेला ताशी २५ मैलांची मर्यादा. या मापात ती सेकंदाला १५ सेंटीमीटरच्या आत येते, म्हणजे १० फूट जायला गाडीला २० सेकंद तरी लागलीच पाहिजेत. पोरांना घड्याळ लावून दाखवा.

उन्हाचं. रूळ वितळत बितळत नाही, मीटरभर रूळ ३० डिग्रीच्या फरकाला अर्धा मिमी वाढतो, जोडांमध्ये बारीक फट ठेवली की झालं, रूळ भर उन्हाळ्यात टाकले तर फट कमी, थंडीत टाकले तर थोडी जास्त. जोडाच्या पत्तीवर करंटचा भरवसा ठेवू नका, प्रत्येक तुकड्याला खालून वायर सोल्डर करा. खरा शत्रू लाकूड आहे. १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, खाली दर फूट दीड फुटाला आडवी पट्टी, आणि प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांना प्रायमर. एका बाजूला मारला की टेबल वाकतंच. खिडकीचं ऊन थेट येत असेल तर जाड पडदा, आणि धुळीसाठी वरून हलकं कापड. कंट्रोलर इंग्लंडहून आणलात तरी तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट ५० हर्ट्झ आहे, नुसती पिन बदलायची.

टेबलाची उंची पोरांच्या नाही, तुमच्या छातीएवढी ठेवा आणि पोरांना पाट द्या. वरून बघितलं की मॉडेल दिसतं, फलाटावर उभं राहिल्यासारखं बघितलं की गाव दिसतं. प्लॅन कागदावर काढून इथं टाका, पट्ट्या कुठं येतात ते मी मार्क करून देतो म्हणजे सांध्याची मोटर पट्टीवर येणार नाही.