आळस नव्हे, धोरण
अमेरिकेत गरीब राहतो तो कष्ट टाळतो म्हणून, हे नेहमी ऐकू येणारं मत मला मुळीच पटत नाही. तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच अडकलंय (बऱ्याच राज्यांत जास्त आहे, हे खरं). आणि २०२१ चं बघा. मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० डॉलर केली, कमाई नसलेल्या पालकांनाही दिली. कोविडची इतर मदतही होतीच. जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार (यात सरकारी मदत आणि करसवलतीही उत्पन्नात धरतात) बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. ही मदत संपली आणि २०२२ मध्ये ते थेट १२.४ टक्के! एका वर्षात लाखो आईबाप आळशी झाले का? उपाय हाताशी असताना तिथल्या संसदेने तो संपू दिला, याचाच मला राग येतो.