रॅपचे शब्द: कविता, पद्य की आणखी काही?

रॅपच्या शब्दांना मराठीत काय म्हणावं? ‘गीत’ म्हणावं तर बहुतेक वेळा चाल नसते. ‘कविता’ म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात. त्यावर झालेली ही चर्चा:

▪ ‘रॅप म्हणजे रिदम अँड पोएट्री’ हा पुरावा कृपया कोणी देऊ नका. तो विग्रह मागाहून जुळवलेला आहे. इंग्रजीत रॅप म्हणजे ठोकणं, टकटक करणं. १९६० च्या दशकात आफ्रिकी-अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ होता गप्पा हाणणं. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉप संस्कृतीचा जन्म धरतात तो १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. शब्द त्याहून जुना.

▪ आपल्याकडे ‘पद्य’ आणि ‘काव्य’ वेगळे आहेत, तेच इथे कामी येतं. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ श्लोकबद्ध आहे, पण ते गणित. म्हणजे पद्य असून काव्य नाही. उलट मुक्तछंदाला वृत्ताचं बंधन नाही, तरी ते काव्य. रॅप पद्य आहे यात मला शंका नाही. काव्य आहे का, हे ज्या त्या रचनेनं सिद्ध करावं. कवितेलाही हीच अट लावा म्हणजे झालं!

▪ पण कागदावर वाचा, पार लंगडं वाटतं. नुसती यमकांची ओढाताण.

▪ यमकांची ओढाताण म्हणून मोरोपंतांना काव्यातून काढणार का? आणि लंगडं वाटतं कारण ठेका कागदावर येत नाही. मात्रावृत्तात लघु-गुरू अक्षरच वेळ ठरवतं. रॅपमध्ये वेळ ठरवतो ताल: चार ठोक्यांच्या एका बारमध्ये (म्हणजे आवर्तनात) कोणी सहा अक्षरं सोडतो, कोणी वीस कोंबतो. शिवाय यमक ओळीच्या शेवटीच हवं असंही नाही. अमेरिकी रॅपर राकिमनं १९८० च्या दशकातच ते ओळीच्या पोटात नेलं होतं. डोळ्यांनी हे अर्धंच कळतं.

▪ रॅपर केंड्रिक लमारला २०१८ साली अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते संगीताचं. पुलित्झरमध्ये कवितेचा विभाग वेगळा आहे.

▪ विभाग पाडल्यानं जात ठरत नाही. असो. मी ‘बोल’ सुचवतो. गाण्याचे बोल, तबल्याचे बोल आणि नुसतं बोलणं, तिन्ही त्यात आलं.

▪ ‘बोल’ पटला. पण एका तुकड्याला काय म्हणाल? ‘एक बोल’ जमत नाही.

▪ कडवं. सोळा बारचं असलं तरी कडवंच.