घर घेण्यापूर्वी वस्ती कशी पारखावी? (बेसा की शंकरनगर)

त्रिमूर्तीनगरची भाडेकरू:
नमस्कार. आम्ही नागपुरात सहा वर्षांपासून भाड्याने राहतो आणि आता स्वतःचे घर घ्यायचे नक्की केले आहे. दोन ठिकाणी मन अडकले आहे. एक बेसा भागातील नव्या स्कीममधला (गृहप्रकल्पातला) तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट, तर दुसरा शंकरनगर परिसरात, नाग नदीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या जुन्या इमारतीतला तळमजल्याचा. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे घरच्यांचा ओढा तळमजल्याकडे आहे. फ्लॅट कसा पाहायचा हे समजते, परंतु वस्ती कशी पारखायची आणि कोणाला काय विचारायचे, हे समजत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

नदीकाठचा जुना रहिवासी:
ताई, मी त्याच पट्ट्यात राहतो, म्हणून आधी शंकरनगरबद्दल लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले. आमच्या तळमजल्यावर ते गादीपर्यंत चढले. वडिलांना चालता येत नव्हते, त्यामुळे त्यांना खुर्चीसकट उचलून अंधारात जिन्याने वर न्यावे लागले. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला निवडताना ही रात्र डोळ्यांसमोर ठेवा, एवढे कळकळीने सांगतो.

इमारत पाहायला जाल तेव्हा विजेचे मीटर किती उंचीवर आहेत ते पाहा. आमच्याकडे पुरानंतर ते छातीच्या वर नेले, आणि जुन्या बोर्डाचे चार भोके असलेले चौकोनी डाग भिंतीवर अजून दिसतात. नवा रंग लावला तरी खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे धरतात, त्यामुळे कपाटामागची भिंत हाताने चाचपून पाहा. दलालाला काही विचारू नका; समोरच्या पानठेल्यावर आणि शेजारच्या तळमजल्यावर विचारा की त्या पहाटे पाणी कुठवर आले होते. लोक बोट ठेवून जागा दाखवतात.

बेसा रोड:
आमच्या बाजूचा प्रश्न नेमका उलटा आहे, म्हणजे वापरायचे पाणी पुरेसे न मिळण्याचा. बेसा नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहरासारखे नळाचे पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. स्कीमचा भरवसा बोअरवर आहे की नळावर, हे मे महिन्यात जाऊन पाहावे. गेटसमोर टँकर उभा असेल तर त्याचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये किती येतो, हे तिथे राहणाऱ्या गृहिणींनाच विचारावे, कारण हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. गडर लाइन (सांडपाण्याची भूमिगत वाहिनी) आहे की सेप्टिक टँक, हेही विचारा. सेप्टिक टँक असेल तर तो उपसायला किती वेळा गाडी बोलवावी लागते, त्यावरून पुष्कळ कळते.

कागदपत्रांत ले-आउटची मंजुरी सर्वात आधी पाहावी. बांधकामाची परवानगी कोणत्या प्राधिकरणाने दिली आहे, तेही पाहावे. नवी स्कीम असल्याने महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख स्वतः वाचावी. शहरात अनधिकृत ले-आउटमधले काही पाहाल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आपण ज्याला आरएल म्हणतो ते, त्याच प्लॉटच्या नावाने आहे का ते तपासा. शेजारच्या प्लॉटचे आरएल दाखवून वेळ मारून नेणारे मी पाहिले आहेत. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) मात्र आपल्याच वकिलाकडून करून घ्यावा.

सीताबर्डीला रोज ये-जा:
एक छोटी भर. मेट्रो जवळ आहे असे सांगितले जाते, तेव्हा स्टेशनपर्यंत पायी चालून पाहा, तेही दुपारी बारा वाजता उन्हाळ्यात. वर्धा रोडच्या मार्गिकेवरून सीताबर्डीला थेट पोहोचता येते, पण घरापासून स्टेशनपर्यंत ऑटोच करावा लागला तर ती सोय कागदावरच राहते. शिवाय आजूबाजूचे रिकामे प्लॉट रात्री नऊनंतर कसे असतात, हेही पाहून या.

त्रिमूर्तीनगरची भाडेकरू:
मनापासून आभार. आज सायंकाळी शंकरनगरला जाऊन आलो. मीटर तळमजल्यावर छातीएवढ्या उंचीवर आहेत आणि त्यांच्या खाली नवे प्लास्टर आहे. समोरच्या काकूंनी आपल्या दारावर कंबरेच्या वर बोट ठेवून दाखवले. सासूबाई स्वतःच म्हणाल्या की तळमजला नको. आता बेसाच्या स्कीममध्ये लिफ्टला बॅकअप आहे का, ते रविवारी पाहायला जाणार आहोत.